तेवणारं यान

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. आमच्याकडचा टीव्ही कृष्णधवल होता, त्यामुळे एंटरप्राइझ या यानाच्या इंजिनांच्या तोंडाशी असलेले घुमट नारिंगी आहेत हे मला पुढे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. मला दिसायचं ते इतकंच : दोन लांब नळ्या, त्यांच्या पुढच्या टोकांना दोन गोल, आणि त्या गोलांच्या आत काहीतरी फिरतंय. दुधी काचेमागून कुणी सावकाश पंखा फिरवावा तसं. संवाद इंग्रजीत, त्यातले निम्मे डोक्यावरून जायचे. ते फिरणं मात्र कळायचं. यान जागं आहे, एवढं त्यावरून नक्की समजायचं.

उजेडासाठी आपल्या भाषेत शब्दांची श्रीमंती आहे. चांदण्या लुकलुकतात, कंदील मिणमिणतो, दागिना लखलखतो, मांडव झगमगतो, निखारे धगधगतात आणि समई तेवते. यातलं 'तेवणं' मला सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्या क्रियापदात माणूस आहे. तेवणाऱ्या दिव्याच्या आसपास कुणीतरी असतं, तेल घालणारं, वात पुढे सारणारं. त्या फिरत्या गोलांचा आणि यानाच्या खिडक्यांचा उजेड मला नेहमी तेवताना दिसला. गेल्या वर्षी घरातल्या जुन्या एंटरप्राइझच्या खेळण्यात एलईडी बसवायला घेतल्या, तेव्हा हा शब्द डोक्यातून जाईना. उजेड किती पडतो याचा हिशेब सोपा असतो. तो तेवतो की नुसताच लागलेला असतो, हे बघायला मूळ यानाकडे पुन्हा नीट पाहावं लागलं.

यानाची आखणी वॉल्टर 'मॅट' जेफ्रीज यांची. ते स्वतः विमान चालवत आणि विमानांची चित्रं काढण्यात त्यांचा हात बसलेला होता. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी त्यांना काय हवं यापेक्षा काय नको हे जास्त सांगितलं होतं : पंख नकोत, अग्निबाण नको, मागून निघणारा जाळ नको. ही अट मला फार मोलाची वाटते. त्या काळी पडद्यावरच्या यानाची ताकद शेपटीशी दिसायची, ठिणग्या आणि धूर यांतून. ती वाट बंद झाल्यावर यान चालतंय हे सांगायला उजेडाखेरीज फारसं काही उरलं नाही. आणि तो उजेड त्यांनी मागे न ठेवता पुढे ठेवला. बैलगाडीखाली टांगलेला कंदील मागेपुढे हलतो त्यावरून गाडी चालतेय हे रात्री लांबून कळतं, तसं काहीसं या यानाचं झालं. ते काहीतरी मागे फेकत पुढे जात नाही, समोरच्या काळोखातून काहीतरी आत घेत जातं. रॉबर्ट बसार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० साली ताऱ्यांमधल्या पोकळीतला विरळ हायड्रोजन गोळा करून त्यावर चालणाऱ्या इंजिनाची कल्पना मांडली होती. पुढे या घुमटांना त्याचंच नाव चिकटलं. डोळ्यांना जे आधी जाणवलं होतं त्याला नाव नंतर मिळालं.

पण हा उजेड पहिल्या दिवसापासून यानात नव्हता, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि कळल्यावर फार आवडली. चित्रीकरणासाठीचं मोठं मॉडेल डिसेंबर १९६४ मध्ये तयार झालं. लांबी अकरा फुटांच्या थोडी वर, म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर. ते घडवणाऱ्यांत रिचर्ड डेटिन हे नाव प्रमुख. त्या पहिल्या रूपात आत एकही दिवा नव्हता. खिडक्या रंगवलेल्या होत्या आणि इंजिनांच्या टोकाचे घुमट भरीव, त्यावर सुईसारखी टोकं. 'द केज' या पहिल्या नमुनाभागात ते यान दिसतं. सुंदर दिसतं, पण एखाद्या कोरीव मूर्तीचे डोळे अजून उघडायचे राहिले असावेत तसं. १९६५ साली दुसऱ्या नमुनाभागासाठी अंगाला भोकं पाडून खऱ्या खिडक्या केल्या गेल्या आणि आत बल्ब बसले. मग १९६६ मध्ये मालिका सुरू होताना त्या भरीव घुमटांच्या जागी अर्धपारदर्शक घुमट आले आणि त्यांच्यामागे ते फिरणं सुरू झालं. आकार जवळपास तोच, अंगकाठी तीच. आधी नजर आली आणि मग श्वास.

या श्वासाचं यंत्र किती साधं होतं! एक छोटी मोटर, तिच्यावर फिरणारी पाती, नाताळच्या झाडाला लावतात तसले रंगीबेरंगी लुकलुकणारे बल्ब, आणि उजेड इकडेतिकडे उडावा म्हणून लावलेले आरशाचे तुकडे. गणपतीच्या मखरामागे फिरणारी जिलेटिन कागदाची चकती ज्यांनी लहानपणी हाताने केली आहे, त्यांना हे सामान ओळखीचं वाटेल. आता नीट बघा काय होतं ते. बल्ब अनेक रंगांचे आहेत, पण समोरचा घुमट नारिंगी छटेचा आणि धूसर. त्यामुळे एकही रंग सुटा बाहेर येत नाही. हिरवा बल्ब पेटतो तेव्हा नारिंगीत जरा कोवळेपणा येतो, लाल पेटतो तेव्हा ते गडद होतं. पाती मध्ये आली की सावली सरकते. आरसा समोर आला की एक ठिपका चमकून जातो आणि तो पुन्हा त्याच जागी कधी दिसेल याचा नेम नसतो. मोटरची लय ठरलेली, बल्बांची लुकलुक आपल्याच तालात आणि आरशांची चमक त्या दोन्हींच्या भांडणातून निघालेली. ठेका पक्का ठेवून वर मोकळेपणाने फिरणारी तान ऐकावी तसा हा उजेड आहे. पुढे २००६ पासून या मालिकेतली यानाची दृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. तिथले घुमट स्वच्छ आहेत, रेखीव आहेत, आणि माझ्या डोळ्यांना त्यांत काहीतरी कमी पडतं. ते फिरणं मला पाठ केल्यासारखं वाटतं.

खिडक्यांबद्दलही असंच. एंटरप्राइझवर चारशे तीस माणसं राहतात असं कथेत सांगितलं आहे. मॉडेलवर काही खिडक्या उजळलेल्या आहेत, काही काळ्या रंगवलेल्या. त्यांच्यात कुठलीही नक्षी सापडत नाही. रात्रीच्या गाडीने येताना कल्याण-डोंबिवलीच्या इमारती दिसतात, तेव्हा कुठे एक खिडकी, पुढे दोन अंधाऱ्या, मग वरच्या मजल्यावर सलग तीन, असं असतं. आपण त्यावरून नकळत घरं रचतो. इथे अजून जेवणं व्हायचीत, तिथे कुणी अभ्यासाला बसलंय, त्या कोपऱ्यात म्हातारं माणूस लवकर झोपलंय. यानाच्या अंगावरच्या काळ्या खिडक्यांनी हेच काम केलं आहे. सगळ्या उजळल्या असत्या तर ती नुसती रोषणाई झाली असती. अंधाऱ्या खिडक्यांमुळे ते यान वस्तीचं झालं.

१९७९ च्या पहिल्या चित्रपटात यान नव्याने घडवलं गेलं, आणि तिथे उजेडाचा विचारच वेगळा आहे. दृश्यपरिणामांची बाजू सांभाळणाऱ्या डग्लस ट्रंबुल यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता : ताऱ्यांपासून इतक्या दूर असलेल्या यानावर उजेड पडणार तरी कुठून? त्यांनी यानालाच स्वतःवर उजेड पाडायला लावला. बशीसारख्या पुढच्या भागावर जणू यानाच्याच अंगावरच्या दिव्यांचे झोत पडतात आणि त्यात यानाचं नाव वाचता येतं. हे छोटे गोल झोत नेमके पाडण्यासाठी दंतवैद्य वापरतात तसले चिमुकले आरसे कामी आले. अंगावर मोत्यासारखी छटा बदलणारा रंग, त्यावर हे झोत, जेरी गोल्डस्मिथ यांचं संगीत, आणि आपलं यान खूप दिवसांनी पाहणारा कर्णधार. तो प्रसंग बराच वेळ चालतो, जवळजवळ शब्दांशिवाय, आणि अनेकांना तो लांबलेला वाटतो. मला तो कधीच लांब वाटला नाही. माहेरी आलेली बाई घराभोवती एक फेरी मारते, तेव्हा तिला घाई करायची नसते. तरीही दोन्हींत निवड करायची झाली तर मी जुन्याकडे जाईन. चित्रपटातला उजेड अंगावर पडलेला आहे. मालिकेतला आतून येतो.

आता खेळण्याकडे. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने १९६६ मध्येच एंटरप्राइझचा प्लास्टिकचा जोडसंच बाजारात आणला, साधारण दीड फूट लांबीचा. सुरुवातीच्या संचांत चिमुकले बल्ब आणि बॅटरीची सोयही होती. म्हणजे टीव्हीवरच्या यानाचे घुमट उजळले त्याच वर्षी मुलांच्या हातातल्या यानातही दिवा लागला. या संचाची एक गोष्ट तर विलक्षण आहे. १९६७ मध्ये 'द डूम्सडे मशीन' या भागासाठी एंटरप्राइझच्या जातीचं दुसरं, युद्धात उद्ध्वस्त झालेलं यान हवं होतं. त्यासाठी हाच दुकानातला संच घेऊन मोडतोड करून वापरला गेला. अंगावरच्या १७०१ या आकड्यांची अदलाबदल करून १०१७ केले, की झालं नवं यान. मोठ्या मॉडेलवरून खेळणं झालं आणि खेळणं परत पडद्यावर गेलं.

आमच्या घरचा संच १९९१ साली मामाने अमेरिकेहून आणला. त्यात दिवे नव्हते. ते दादाने बसवले, टॉर्चचे तीन बल्ब, दोन घुमटांत आणि एक बशीत, दोन पेन्सिल सेलवर. मी दहा वर्षांची होते. पहिल्यांदा बटण दाबलं ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. घुमट पिवळे झाले आणि बशी आतून लालसर उजळली, टॉर्चवर तळहात धरला की बोटं उजळतात तशी. प्लास्टिक पातळ होतं, उजेड खिडक्यांतून कमी आणि अंगातून जास्त येत होता. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. पण महिनाभराने बशीच्या वरच्या बाजूला, नेमकं बल्बच्या डोक्यावर, एक तपकिरी डाग उमटला आणि तिथलं प्लास्टिक किंचित खचलं. तारेचा बल्ब घेतलेल्या विजेतल्या बहुतांश भागाची उष्णताच करतो, आणि हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. दादाने बल्ब काढून टाकले. यान पस्तीसेक वर्षं तसंच अंधारात, कपाटावर.

एंटरप्राइझचं मोठं मॉडेल घडत होतं तेव्हा जगात एलईडी होती, हे मला हे काम करताना कळलं. निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसेल असा लाल उजेड देणारी एलईडी १९६२ मध्येच केली होती, यानाच्या दोन वर्षं आधी. पण ती लाल आणि मंद. त्या यानाच्या खिडक्या उजळायला पांढरा उजेड हवा आणि पांढऱ्यासाठी आधी निळा हवा. कारण आपण जिला पांढरी एलईडी म्हणतो ती आतून निळी असते. तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे दोन्ही मिळून पांढरा भास होतो. तो तेजस्वी निळा मिळायला १९९० चं दशक उजाडलं. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी पहिल्यांदा आणलेल्या एलईडी कूल व्हाइट होत्या. तीन मिलिमीटरच्या, झळझळीत. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी घेतली. पांढरी एलईडी स्वतःसाठी साधारण तीन व्होल्ट घेते, उरलेले सहा अडवायला मध्ये रेझिस्टर लागतो. वीस मिलिअँपिअर प्रवाह धरून हिशेब तीनशे ओहमचा येतो, दुकानात ३३० चा मिळतो. सगळं पुस्तकाप्रमाणे जोडलं. खोलीतला दिवा बंद करून बटण दाबलं आणि मन खट्टू झालं. खिडक्यांतून दवाखान्यातल्या ट्यूबसारखा निळसर उजेड येत होता. घुमटांना आतून नारिंगी काचरंग दिला होता, तरी ते नारिंगी दिसण्याऐवजी फिक्या, मळकट पिवळ्या रंगाचे दिसत होते. आणि प्रत्येक घुमटाच्या बरोब्बर मध्ये टाचणीएवढा एक कडक ठिपका. एवढ्या उजेडात यान पूर्वीपेक्षा जास्त मेलेलं वाटत होतं.

असं का होतं, हे दिवाळीतल्या आकाशकंदिलावरून चटकन लक्षात येतं. लाल पतंगी कागदाच्या कंदिलात पूर्वी चाळीसचा पिवळा बल्ब असायचा आणि कागद पेटल्यासारखा दिसायचा. त्यातच पांढरा एलईडी बल्ब लावला की तोच कागद उदास होतो. कागद स्वतः लाल उजेड तयार करत नाही. आतल्या उजेडातलं लाल तेवढं बाहेर जाऊ देतो आणि बाकीचं अडवतो. तारेच्या बल्बच्या उजेडात लालचा साठा भरपूर असतो. थंड पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर, गडद लाल अगदी कमी. कागदाने निळा अडवला की हाती काही उरतच नाही. म्हणून रंगीत घुमटामागे पांढरी एलईडी लावून चालत नाही. नारिंगीमागे नारिंगीच हवी आणि लालमागे लाल. त्यांना व्होल्टही कमी लागतात, साधारण दोन. खिडक्यांसाठी वॉर्म व्हाइट, तीही २७०० ते ३००० केल्विनची, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळ जाणारी.

दुसरी गोष्ट दिशेची. बल्बचा उजेड चहूकडे सांडतो, एलईडीचा नाकासमोर जातो. एलईडीचं गोल डोकं कानशीने सपाट केलं, घुमटाची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून दुधी केली आणि एलईडी घुमटाकडे तोंड करून न लावता मागच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावल्या. उजेड भिंतीवर आपटून परत येताना मऊ झाला, टाचणीचा ठिपका गेला. यानाच्या अंगाला आतून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा दिला. काळ्यामुळे उजेड प्लास्टिकमधून झिरपायचा थांबला, पांढऱ्यामुळे आतल्या आत फिरत राहिला. लहानपणची ती बोटांसारखी लालसर बशी अशी गेली. तिचं जरा वाईट वाटलं, पण खिडक्यांना अर्थ यायचा तर भिंतींनी भिंतीसारखं वागायला हवं.

सगळ्यांत जास्त दिवस गेले ते वेळेच्या प्रश्नावर, आणि माझ्या मते एलईडीच्या कामातला खरा कस तिथेच लागतो. बशीच्या कडेला जहाजांच्या आणि विमानांच्या रिवाजाप्रमाणे डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. जेफ्रीज विमानवाले, त्यांच्या हातून हे सुटलं नसतं. हे दिवे मी उघडझाप करणारे केले. एलईडीला चालू आणि बंद व्हायला वेळच लागत नाही. आत्ता नाही, आत्ता आहे. डोळ्यांना ते टोचतं. तारेचा बल्ब असा नसतो. त्याची तार तापावी लागते, मगच उजळते. प्रवाह थांबल्यावरही ती क्षणभर निवत राहते. त्या निवण्यात नारिंगीकडून लालकडे जाणारी एक छटा असते, डोळा मिटताना पापणीखालून शेवटचं दिसावं तशी. जुन्या चित्रफितीतल्या दिव्यांची उघडझाप इतकी गोड का वाटते ते या मंद निवण्यात आहे. मग मी एक नखाएवढा मायक्रोकंट्रोलर घेतला आणि त्याला शिकवलं की दिवा पाव सेकंदात चढव आणि उतरवायला त्याहून जास्त वेळ घे. एकदम बंद करू नकोस. पहिल्यांदा तो हिरवा दिवा असा हळूच विझला तेव्हा मी एकटीच होते आणि मोठ्याने 'वा' म्हणाले.

घुमटांसाठीही तोच मायक्रोकंट्रोलर. गोलात सहा नारिंगी एलईडी. एक उतरत असताना पुढची चढायला लागते, म्हणजे उजेड उड्या न मारता सरकतो. पण नुसत्या सरकण्याने काही होईना, ते दुकानाच्या पाटीसारखं दिसायचं. मग काळ्या कार्डपेपरची पाती कापून एलईडी आणि घुमट यांच्यामध्ये स्थिर बसवली. ती फिरत नाहीत, मागचा उजेड फिरतो, आणि समोरून पाहणाऱ्याला पातीच फिरल्याचा भास होतो. शेवटी एका बाजूला एक हिरवी आणि एक निळी एलईडी बसवली, अगदी मंद, फिरण्याच्या लयीशी संबंध नसलेल्या आपल्याच वेळेला लुकलुकणाऱ्या. त्या दिसत नाहीत. पण काढून टाकल्या की घुमट लगेच पाठ केल्यासारखा फिरायला लागतो. नाताळच्या त्या बल्बांचं काम काय होतं, हे मला त्या काढून-घालून बघताना उमगलं.

खिडक्यांसाठी कापडशिवणीच्या दोऱ्याहून बारीक प्रकाशतंतू ओढले आणि पुढून फेविकॉलचा एकेक थेंब दिला. तो वाळल्यावर काचेसारखा होतो. किती खिडक्या उजळायच्या? मी निम्म्याहून कमी ठेवल्या. उजळलेल्यांमध्येही सगळ्या सारख्या नकोत म्हणून काहींच्या तंतूंच्या टोकांवर तपकिरी रंगाचा हलका हात फिरवला. आणि ३३० चा रेझिस्टर काढून थेट २२०० ओहमचा लावला. प्रवाह तीन मिलिअँपिअरच्याही खाली आला, उजेड कितीतरी उतरला. दुकानदार म्हणाला असता, एवढी चांगली एलईडी घेऊन असं का करता? त्या क्षणी मात्र खिडक्या पहिल्यांदा तेवायला लागल्या. आपण बाहेर काळोखात आहोत आणि आत कुणीतरी राहतंय, हे अंतर तेवढ्या मंद उजेडातच तयार होतं.

हे सगळं करताना मला धीर दिला तो वॉशिंग्टनमधल्या एका कामाने. ते अकरा फुटी मूळ मॉडेल पॅरामाउंट स्टुडिओने १९७४ मध्ये स्मिथसोनियनच्या विमान आणि अवकाश संग्रहालयाला दिलं. त्यानंतर त्याची वेळोवेळी डागडुजी झाली, दर वेळी थोडं मूळ रूप हरवत गेलं, आणि पुढे अनेक वर्षं ते संग्रहालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानात ठेवलेलं होतं. २०१४ मध्ये ते तिथून काढून जतनकारांनी कामाला घेतलं. त्यांनी त्याचे एक्स-रे काढले. जुने फोटो कुणाकडे असतील तर द्या, असं लोकांना आवाहन केलं. कुठल्या दिवसाचं यान परत आणायचं हेही त्यांनी ठरवलं : ऑगस्ट १९६७, 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या भागाच्या वेळचं, कारण मालिकेसाठी त्यात झालेला शेवटचा बदल तेव्हाचा. बशीच्या वरच्या पृष्ठभागावर मूळ रंग टिकून होता, तो त्यांनी जपून ठेवला. आणि आतले दिवे? ते मात्र एलईडीचे केले. २०१६ च्या उन्हाळ्यात, संग्रहालयाच्या इमारतीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, यान मुख्य दालनात आलं, लिंडबर्गने ज्यातून अटलांटिक ओलांडला त्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' या विमानाच्या सोबतीला.

बशीवरच्या मूळ रंगाचा एक पापुद्रासुद्धा न हलवणाऱ्या लोकांनी दिवे बदलले, याचा मी पुष्कळ विचार केला. लाकूड आणि पन्नास वर्षांचा रंग यांच्या पोटात तापणारे बल्ब ठेवणं म्हणजे आमच्या बशीवरचा डाग मोठ्या प्रमाणावर करून घेणं, हे कारण पुरेसं आहेच. पण मला त्यामागे जिनसांची जाणही दिसते. रंग हा यानाच्या अंगाचा भाग, तो एकदा गेला की गेला. बल्ब हा तेलासारखा. मालिका चालू असतानाही बल्ब उडत असणार आणि कुणीतरी नवे लावत असणार. तेल नवं घातलं म्हणून समई परकी होत नाही. फक्त ज्योत पूर्वीसारखी दिसली पाहिजे, आणि ती तशी दिसावी यासाठी आधी पूर्वीची ज्योत मन लावून पाहिलेली असली पाहिजे. त्या कामाची छायाचित्रं पाहताना तो मंद नारिंगी ओळखीचा वाटतो. झगमगाट करायचा मोह त्यांना सहज झाला असता. तो त्यांनी आवरला.

त्या मॉडेलची डावी बाजू मात्र आजही अपुरी आहे. वीज आणणाऱ्या तारा त्या बाजूने आत शिरतात, तिथे खिडक्यांचे उजेड नाहीत, बारकावे नाहीत. कॅमेरा उजव्या बाजूनेच बघायचा, त्यामुळे तेवढं पुरायचं. जतनकारांनी ती बाजू सजवली नाही. जशी होती तशी ठेवली.

दादा दिवाळीत आला तेव्हा मी त्याला काही न सांगता घरातले दिवे घालवले आणि बटण दाबलं. तो बराच वेळ बोलला नाही. आधी घुमट पाहिले, मग वाकून खिडक्या. बशीवरच्या त्या तपकिरी डागावरून त्याने अंगठा फिरवला. डाग मी रंगवून झाकला नव्हता.

"अगं, गरम होत नाही की," तो म्हणाला.

मग त्याने स्टँडला हात घालून यान हळूच फिरवलं. पलीकडची बाजू काळोखी होती. बॅटरीची तार मी तिकडूनच आत घेतली होती आणि तिकडच्या खिडक्या तशाच ठेवल्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, लाल दिवा हळूच विझून पुन्हा चढेपर्यंत थांबला, आणि यान परत फिरवून डावी बाजू भिंतीकडे केली.